सह्याद्रीखाली ज्वालामुखी झोपला आहे का?

आपला सह्याद्री लाव्हारसाचा बनलेला आहे, हे शाळेतच शिकवतात. मग कोयनेला धक्के बसतात, किल्लारी एका पहाटेत जमीनदोस्त होते, पालघरच्या पाड्यांवर महिनोन्‌महिने जमीन थरथरते, हे सगळे खालचा ज्वालामुखी पुन्हा जागा होत असल्यामुळे तर नव्हे? कुठेही भूकंपाचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. कोकणातले गरम पाण्याचे झरे आणि लोणारचे गोल सरोवर हे त्याचे पुरावे म्हणून पुढे केले जातात. प्रश्न अगदी रास्त आहे. भूकंप आणि ज्वालामुखी यांचे नाते खरेच आहे, पण ते जगात सगळीकडे सारखे नाही. ते कुठे घट्ट आहे आणि कुठे मुळीच नाही, हे पाहिल्याशिवाय आपल्या पायाखाली काय चालले आहे ते कळणार नाही.

1. काळा पाषाण आला कुठून?

राजगड, रायगड किंवा हरिश्चंद्रगडाच्या कड्याकडे दुरून पाहिले तर आडव्या पायऱ्या दिसतात. ढोबळमानाने त्यातली प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा एक लोट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हारस बाहेर आला, पसरला आणि थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. पश्चिम घाटाच्या परिसरात या थरांची मूळ जाडी दोन किलोमीटरच्या घरात होती. आजही हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. अजिंठा आणि वेरूळची लेणी याच दगडात खोदली आहेत.

हा उद्रेक भेगांमधून झाला. शंकूच्या आकाराचा एखादा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर तोंड, असे त्याचे रूप नव्हते. म्हणून सह्याद्रीत ज्वालामुखीचे मुख शोधत फिरण्यात अर्थ नाही. लोणारचे विवर तर लाव्हाचे नाहीच. बेसाल्टचे थर थंड होऊन कित्येक कोटी वर्षे लोटल्यावर तिथे आकाशातून अशनी आदळला. त्या प्रचंड दाबाने बदललेली खनिजे तिथल्या दगडांत सापडली आहेत आणि कोणताही ज्वालामुखी तशी खनिजे घडवू शकत नाही.

मग तो लाव्हारस पुरवणारा उष्ण प्रवाह गेला कुठे? तो आहे तिथेच आहे, पुढे निघून आलो ते आपण. मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचे बेट आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वारंवार लाव्हा ओकतो. बहुसंख्य भूशास्त्रज्ञांच्या मते 6.6 कोटी वर्षांपूर्वी त्याच उष्ण प्रवाहावरून भारत सरकत होता. पुढे सरकताना मागे जी खूण राहिली, तीच लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटांची रांग.

हिशेब करून पाहू. भारताची भूमी आज वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर उत्तरेकडे सरकते. याच वेगाने 6.6 कोटी वर्षांत 33 कोटी सेंटीमीटर, म्हणजे 3,300 किलोमीटर अंतर होते. प्रत्यक्षात मुंबई ते रियुनियन हे अंतर साडेचार हजार किलोमीटरहून अधिक आहे. उत्तर जुळत नाही, कारण आशियाला टक्कर होण्यापूर्वी भारताचा वेग आजच्या दुप्पट-तिप्पट होता. टक्कर झाली आणि गती मंदावली.

थोडक्यात, सह्याद्रीचा लाव्हा आणि त्याला पुरवठा करणारी भट्टी यांची ताटातूट होऊन कोट्यवधी वर्षे झाली. दोन किलोमीटर जाडीचा तापलेला खडक निवायला काही लाख वर्षे पुरतात. इथे त्याच्या शेकडो पट काळ गेला आहे.

2. जमीन सरकते म्हणजे काय?

पृथ्वीचे वरचे टणक आवरण अखंड नाही. ते सात मोठ्या आणि अनेक लहान तुकड्यांचे बनले आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. त्यांची जाडी साधारण शंभर किलोमीटर असते. खालचा खडक घन असला तरी इतका तापलेला असतो की लाखो वर्षांच्या मोजमापात तो हळूहळू वाहतो. त्यावरून हे पट्ट सरकतात. कुठे एकमेकांपासून दूर जातात, कुठे एकमेकांवर आदळतात, कुठे नुसते घासत जातात.

सरकणे संथ असेल तर धक्का एकदम का बसतो? घरातले जड लाकडी कपाट ढकलून पाहा. जोर लावला तरी आधी ते हलत नाही. जोर वाढवत नेला की अचानक करकरत वीतभर पुढे जाते आणि पुन्हा अडते. तुमचा जोर सलग असतो, कपाट मात्र हिसक्यांनीच सरकते, कारण फरशीशी होणारे घर्षण त्याला धरून ठेवते. खडकांतल्या जुन्या भेगांचे असेच आहे. भूपट्टांचा रेटा शतकानुशतके साठत राहतो, भेगेच्या दोन्ही बाजू घर्षणाने एकमेकींना धरून राहतात आणि ज्या क्षणी ते घर्षण हरते त्या क्षणी खडक सरकतो. साठलेली शक्ती लाटांच्या रूपाने बाहेर पडते, तो भूकंप. या सगळ्यात शिलारस कुठेच आला नाही. भूकंपाला वितळलेल्या खडकाची गरज नसते. लागतो तो टणक खडक, भेग आणि रेटा.

3. दोघे शेजारी का राहतात?

तरीही नकाशावर पॅसिफिक महासागराच्या कडेने बोट फिरवले तर चिली, मेक्सिको, अलास्का, जपान, फिलिपिन्स, इंडोनेशिया या साऱ्या पट्ट्यात भूकंप आणि ज्वालामुखी हातात हात घालून दिसतात. जगातले सुमारे 80 टक्के मोठे भूकंप या एका कड्यात होतात.

कारण दोघांचा जन्मदाता एक आहे. इथे समुद्रतळाचा जड भूपट्ट शेजारच्या पट्टाखाली तिरपा घुसतो. घुसताना तो अडतो आणि सुटतो, म्हणून भूकंप. पण तो आपल्याबरोबर पाणीही नेत असतो. समुद्राखाली कोट्यवधी वर्षे राहिल्याने त्याच्या खनिजांत पाणी मुरलेले असते. सुमारे शंभर किलोमीटर खोलीवर उष्णतेने आणि दाबाने ते बाहेर पडते आणि वरच्या तापलेल्या खडकात शिरते. पाणी मिसळले की खडक कमी तापमानाला वितळतो. त्या वितळण्यातून शिलारस तयार होतो आणि वर चढून ज्वालामुखी होतो. लोकांना वाटते की खाली जाणारा पट्ट घासून तापतो आणि वितळतो. खरे काम पाणी करते.

ही गोष्ट मनाशी पक्की झाली की बाकीचा नकाशा आपोआप वाचता येतो. हिमालयात भयंकर भूकंप होतात. 25 एप्रिल 2015 रोजी नेपाळला 7.8 तीव्रतेच्या भूकंपाने हादरवले. पण तिथे ज्वालामुखी नाहीत, कारण दोन भूखंड समोरासमोर भिडले आहेत आणि पाणी घेऊन खाली जाणारा समुद्रतळ आता उरलेला नाही. कॅलिफोर्नियातल्या सान आंद्रेआस भेगेवर दोन पट्ट शेजारून घासत जातात. तिथे भूकंप आहेत, खडक वितळवणारे काही नाही. उलट हवाई बेटे पट्टाच्या मधोमध आहेत. कड नसूनही तिथे ज्वालामुखी आहेत, कारण खालून उष्ण प्रवाह वर येतो. रियुनियनचा आणि कधीकाळी आपला प्रकारही हाच.

4. शिलारस वर चढतो तेव्हा

काही भूकंप मात्र खरोखर ज्वालामुखीचेच असतात. शिलारस वर येताना खडक फाडतो, त्यामुळे छोट्या धक्क्यांची रीघ लागते. त्यांची ओळख पटते. एक मोठा धक्का आणि मागून घटत जाणारे छोटे, असा त्यांचा क्रम नसतो. सारख्याच ताकदीचे शेकडो धक्के बसत राहतात. त्यांचे ठिकाण दिवसागणिक वर किंवा बाजूला सरकते. जमीन फुगते, गंधकयुक्त वायू वाढतात. ही लक्षणे एकत्र आली तर शास्त्रज्ञ छातीठोकपणे बोलू शकतात.

फिलिपिन्समधल्या पिनातुबोची हकिकत सांगण्यासारखी आहे. हा डोंगर सुमारे 500 वर्षे शांत होता. 16 जुलै 1990 रोजी लुझोन बेटावर, पिनातुबोपासून सुमारे 100 किलोमीटरवर, 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये डोंगराच्या आसपासच्या गावांना धक्के जाणवू लागले आणि 2 एप्रिलला वाफेचे स्फोट झाले. फिलिपिन्सच्या आणि अमेरिकेच्या भूशास्त्रज्ञांनी घाईघाईने भूकंपमापक बसवले, धक्क्यांचा माग ठेवला आणि धोका वाढत चालल्याचे सरकारला पटवून दिले. हजारो लोकांना हलवले गेले. 15 जून 1991 रोजी विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक तिथे झाला. त्याच दिवशी वादळही आले आणि पावसाने भिजलेल्या राखेच्या ओझ्याने छपरे कोसळून शेकडो माणसे गेली. तरीही वेळेवर हलवल्यामुळे किमान पाच हजार जीव वाचले, असा अंदाज आहे. भूकंपशास्त्राने माणसांना वाचवल्याचे याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

आइसलँडमध्ये अलीकडेच हेच दिसले. ग्रिंदाविक गावाखाली धक्क्यांचा सडा पडू लागला, तेव्हा 10 नोव्हेंबर 2023 च्या रात्री सारे गाव रिकामे केले. 18 डिसेंबरला गावाजवळ जमीन उलली आणि लाव्हा बाहेर आला.

5. भूकंप ज्वालामुखीला उठवू शकतो का?

पिनातुबोची गोष्ट ऐकून हा प्रश्न पडतोच. 1990 च्या त्या भूकंपानेच डोंगराला जागे केले का?

बाजूने पुरावे आहेत. 28 ऑक्टोबर 1707 रोजी जपानमध्ये महाभूकंप झाला आणि 49 दिवसांनी, 16 डिसेंबरला, फुजी पर्वताचा उद्रेक झाला. 22 मे 1960 रोजी चिलीत 9.5 तीव्रतेचा भूकंप झाला. यंत्रांनी नोंदलेला तो आजवरचा सर्वांत मोठा. दोनच दिवसांत तिथल्या कोर्दोन काउये ज्वालामुखीतून उद्रेक सुरू झाला. आता विरुद्ध बाजू पाहा. 11 मार्च 2011 रोजी जपानला 9 तीव्रतेचा भूकंप बसला. चारच दिवसांनी फुजीच्या अगदी जवळ आणखी एक जोराचा धक्का बसला. साऱ्या देशाची नजर त्या पर्वताकडे लागली, पण फुजी शांत राहिला.

यातून निघणारा अर्थ असा की मोठा भूकंप शिलारस निर्माण करू शकत नाही. तो आधीच भरलेल्या, फुटण्याच्या बेतात असलेल्या ज्वालामुखीला शेवटचा धक्का देऊ शकतो. कोठी रिकामी असेल तर कितीही हादरे बसोत, काही होत नाही.

भारताकडेही असे एक उदाहरण आहे. अंदमानातले बॅरन बेट हा देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी. 26 डिसेंबर 2004 च्या सुमात्रा-अंदमान भूकंपात सुमारे 1,300 किलोमीटर लांबीची भेग सुटली, त्सुनामी आली आणि मे 2005 मध्ये बॅरन पेटला. दोन्हींचा संबंध अनेकांनी जोडला. पण बॅरन 1991 पासूनच अधूनमधून धुमसत होता, म्हणून केवळ तारखा जवळ आहेत एवढ्यावर निकाल देता येत नाही. त्या दोघांचे मूळ एक आहे, एवढे मात्र निश्चित: अंदमानखाली समुद्रतळ खाली जातो. महाराष्ट्राखाली तसे काही होत नाही.

6. मग कोयना आणि किल्लारी?

आता आपल्या अंगणात येऊ. अंदाज बांधत बसण्याऐवजी खाली जाऊन पाहणे सर्वांत चांगले, आणि ते झाले आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे छिद्र घेतले, तेव्हा बेसाल्टची जाडी साडेतीनशे मीटरदेखील भरली नाही. त्याखाली जुना कठीण खडक लागला. कोयना भागात गोठणे इथे 2017 साली तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झाले. तिथे सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट आहे आणि त्याखाली अडीचशे कोटींहून अधिक वर्षे वयाचा ग्रॅनाइटसारखा खडक. शिलारस नाही. कोयनेचे बहुतेक भूकंप या जुन्या खडकातच होतात, म्हणजे लाव्हाच्या थरांचा त्यांच्याशी संबंध केवळ वरच्या पांघरुणाचा आहे.

गरम झऱ्यांचे कोडेही इथेच सुटते. वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ, राजापूरजवळचे उन्हाळे इथे पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते. जमिनीत खाली जावे तसे तापमान साधारण दर किलोमीटरला 25 अंशांनी वाढते. दोन किलोमीटर जाऊन परत आलेले पाणी कढत असणारच. त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही.

मग रेटा कुठून येतो? भारत आजही हिमालयावर आदळतो आहे. त्या टकरीचा दाब सीमेवरच थांबत नाही. तो साऱ्या भूपट्टात पसरतो. पट्टाच्या पोटात जिथे जुनी, दुबळी भेग असेल तिथे तो दाब वाट काढतो. किल्लारीत हेच झाले. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून गावे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. एका बाजूचा खडक दुसऱ्यावर चढला, म्हणजे दोन्हीकडून दाबले गेल्याची स्पष्ट खूण. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली गावेच्या गावे नाहीशी झाली, सरकारी नोंदीनुसार आठ हजारांच्या आसपास माणसे गेली.

कोयनेत आणखी एक हात लागला, तो पाण्याचा. 1962 पासून कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागला आणि पाठोपाठ धक्के वाढले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या वर लोक गेले, कोयनानगर मोडून पडले. धरणाच्या पाण्याने भूकंप कसा होईल? पुन्हा त्या कपाटाकडे जा. ढकलताना जोर तोच ठेवला, पण आतले सामान काढून घेतले तर ते फरशीवर कमी दाब देते आणि लवकर सरकते. जलाशयाचे पाणी झिरपत खोल भेगेत पोहोचते, तिथे दाबाखाली असल्यामुळे भेगेच्या दोन्ही बाजूंना एकमेकींपासून लोटू पाहते आणि त्यांची पकड सैल होते. रेटा भूपट्टांचाच, पाणी फक्त घटका जवळ आणते. म्हणूनच जगात हजारो धरणे असूनही कोयनेसारखी मोजकीच आहेत. पावसाळ्यात जलाशय भरतो, नंतर उतरतो, आणि धक्क्यांचे प्रमाणही त्या लयीत कमी-जास्त होते. दक्षिणेला वारणेचा जलाशय भरल्यावर धक्क्यांचे क्षेत्र तिकडेही पसरले. 1967 पासून तिथे 5 किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त भूकंप नोंदले गेले आहेत.

आणि पालघर? नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, धक्क्यांची मालिका सुरू झाली. लोक थंडीत घराबाहेर तंबूंत झोपले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तिथे यंत्रे बसवली. शिलारसाची कोणतीही लक्षणे आढळली नाहीत. मोठ्यात मोठे धक्के 4 च्या आसपास राहिले.

पालघर आणि किल्लारी शेजारी ठेवून पाहिले की भाकिताची अडचण लक्षात येते. किल्लारी भागातही 1992 साली लहान धक्के बसले होते आणि वर्षभराने सर्वनाश झाला. पालघरला त्याहून कितीतरी जास्त धक्के बसले आणि तसे काही घडले नाही. आधी दिसणारी खूण सारखीच, पुढची कथा वेगळी. पिनातुबो आणि ग्रिंदाविकला शिलारस वर चढत होता, त्याचा माग काढता आला. दाबाखाली अडकलेली भेग असा माग ठेवत नाही. अमुक तारखेला भूकंप होणार, हे सांगण्याची पद्धत आज जगात कुणाकडेही नाही. मोबाइलवर तसा निरोप आला तर तो पुढे पाठवू नका.

7. आकडा लहान, नाश मोठा

भूकंपाच्या मापात एक अंक वाढला की बाहेर पडणारी शक्ती सुमारे 32 पट वाढते. 26 जानेवारी 2001 चा भुजचा भूकंप 7.7 तीव्रतेचा होता, किल्लारीचा 6.2. फरक दीड अंकाचा. एका अंकाचे 32 पट, उरलेल्या अर्ध्याचे सुमारे साडेपाच पट. गुणाकार केला तर भुजची शक्ती किल्लारीच्या सुमारे पावणेदोनशे पट होते. तरी किल्लारीत इतकी माणसे का गेली? भूकंप उथळ होता, वेळ झोपेची होती, आणि घरे दगड-मातीची. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, पण आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेली नव्हती, मधे मातीचा भराव आणि वर माळवदाचे ओझे. अशा भिंती आडव्या हिसक्याने फुटून आत कोसळल्या.

त्यातही, तोवरच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या गटात होता. 2002 च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या गटात गेला. त्या नकाशात मुंबईही त्याच गटात होती, कोयना चौथ्यात.

तेव्हा ज्वालामुखीची भीती मनातून काढून टाका आणि ती काळजी घराच्या भिंतींकडे वळवा. घर बांधणार असाल तर गवंड्याला आणि अभियंत्याला विचारा: जोत्याशी, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली, सर्व भिंतींना कवेत घेणारा सळयांचा सलग काँक्रीट पट्टा घातला आहे का? दगडी भिंत असेल तर दोन्ही बाजूंना पोहोचणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसवले आहेत का? इमारतीत सदनिका घेत असाल तर तिचा आराखडा भूकंपाच्या भारतीय मानकांनुसार केला आहे का, याचा कागद मागा. गावात शाळा किंवा अंगणवाडी उभी राहत असेल तर हेच प्रश्न ग्रामसभेत विचारा, आणि काम सुरू होण्याआधी विचारा.